भाडेकरू ही शिवी नव्हे

दिनांक ४ डिसेंबर २०२३ च्या रात्री पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडेवाडा पोलीस बंदोबस्तात जमीनदोस्त करण्यात आला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली ती याच वाड्यात. तेथे राष्ट्रीय स्मारक व्हावे म्हणून महानगरपालिका आणि वाड्यातील दुकानदार भाडेकरू यांच्यात वर्षानुवर्षे न्यायालयीन झगडा चालला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने कौल दिला. स्मारक झालेच पाहिजे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ज्या वास्तूत मुलींच्या हाती पाटी-लेखणी आली, तिच्या जागी दुकानांच्या पाट्याच राहाव्यात असे कोण म्हणेल?

त्यानंतरच्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही पाच-सहा जण चर्चच्या आवारात बोलत उभे होतो. भिडेवाड्याचा विषय निघाला. ज्यांचे स्वतःचे तीन फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत असे एक सद्गृहस्थ मोठ्या समाधानाने म्हणाले, ‘‘एकदाचे निघाले भाडेकरू! ही जातच तशी. पोलीस आल्याशिवाय हलत नाही.’’ सर्वांनी माना डोलावल्या. खरे सांगायचे तर मीही डोलावली. घरी येताना मात्र त्या उद्गाराने माझा पाठलाग केला, कारण मी जन्माने त्याच ‘जाती’चा आहे.

सावित्रीबाईंची शाळा फुल्यांच्या मालकीच्या जागेत भरत नव्हती. तात्यासाहेब भिडे यांनी आपल्या वाड्यात जागा दिली म्हणून ती भरली. क्वार्टर गेटजवळचे आपले सिटी चर्च तरी कोणाच्या जागेवर उभे राहिले? पेशव्यांनी १७९२ साली आपल्या फौजेतील ख्रिस्ती लोकांसाठी जागा दिली, तिच्यावर. दुसऱ्याने दिलेल्या छपराखाली राहून माणसे या शहरात काय काय करून गेली याची आठवण ठेवली, तर ‘भाडेकरू’ हा शब्द आपण इतक्या सहज थुंकणार नाही. पूर्वी पेठांत ‘बिऱ्हाडकरू’ म्हणत. त्या शब्दात चूल होती, पोरेबाळे होती, वाड्यातल्या गणपतीला आणि आमच्या नाताळाला परस्परांच्या घरी जाणारी ताटे होती. आज उरला तो भाडेकरू, म्हणजे भाड्यापुरता माणूस.

माझे वडील संगमनेर तालुक्यातून पुण्यास आले आणि आप्पा बळवंत चौकाजवळ पुस्तकबांधणीच्या एका दुकानात कामाला लागले. १९५२ साली पासोड्या विठोबाजवळच्या एका वाड्यात माडीवर दोन खोल्या मिळाल्या. भाडे दरमहा बारा रुपये. ख्रिस्ती माणसाला वाड्यात जागा देण्याची त्या काळी सर्रास रीत नव्हती, पण मालकांनी दिली. एक तारखेला वडील पैसे घेऊन खाली जात, मालक चष्मा लावून पावती लिहीत. त्या साऱ्या पावत्या वडिलांनी एका पत्र्याच्या पेटीत दोऱ्याने ओवून ठेवल्या होत्या. आमच्या घरी बायबलच्या खालोखाल मान होता तो या पेटीला.

भावाला आणि मला नोकऱ्या लागल्या. उपनगरात सहकारी सोसायटीत आम्ही घर घेतले. बारा रुपये मात्र बाराच राहिले. आणि आता जे लिहितो ते लिहिताना मला आनंद होत नाही. नव्या घरी गेल्यावरही आम्ही पेठेतल्या खोल्या सोडल्या नाहीत. सहा महिने वापर नसला तर मालक दावा लावू शकतो हे ठाऊक असल्याने दर महिन्याला एक रात्र मी तेथे जाऊन झोपत असे, दिवा लावून, शेजाऱ्यांना दिसेल अशा बेताने खिडकी उघडी ठेवून. खाली मालकांच्या माजघरात त्यांची दोन लग्न झालेली मुले, सुना आणि नातवंडे दाटीवाटीने राहत होती. छपराची कौले फुटलेली, आडाजवळची भिंत पोट काढून उभी. दुरुस्तीला पैसे कोठून यावेत? साऱ्या वाड्याचे मिळून भाडे येई ते शंभराच्या आतबाहेर. १९८६ साली मालकांच्या मुलांनी आम्हांला पंधरा हजार रुपये दिले तेव्हा आम्ही खोल्यांची किल्ली त्यांच्या हाती ठेवली. ज्यांनी आम्हांला आसरा दिला त्यांच्याच मुलांकडून आम्ही तो सोडण्याची किंमत घेतली. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. पैसे मात्र परत केले नाहीत.

तेव्हा चर्चच्या आवारातील त्या सद्गृहस्थांना ‘‘भाडेकरू सारे देवमाणसे असतात’’ असे मी कोणत्या तोंडाने सांगू? मला वेगळेच सांगायचे आहे. मालक आणि भाडेकरू यांच्यापैकी चोर कोण, हा वाद पुणेकर तीन पिढ्या घालत आला आणि त्या गलबल्यात तिसराच असामी नामानिराळा राहिला. तो असामी म्हणजे सरकार.

मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ चा. युद्धानंतरची टंचाई, फाळणीचे निर्वासित, शहरांकडे लागलेली रीघ, अशा वेळी घरमालकांनी लोकांची मान मुरगाळू नये म्हणून तो आला आणि तो आला हे योग्यच झाले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण भाडे ठरले. जी जागा पुढे प्रथमच भाड्याने गेली तिला ते पहिले भाडे चिकटले. कायदा काही वर्षांपुरता होता. त्याला मुदतवाढ मिळत गेली, मिळत गेली, आणि पन्नास वर्षे उलटली. ग्लासगोमध्ये १९१५ साली मेरी बार्बर हिच्या पुढारपणाखाली बायकांनी भाडे देण्याचे नाकारले आणि ब्रिटिश सरकारला भाडी गोठवावी लागली. पण तेथे युद्ध संपताच १९१९ साली नगरपालिकांनी स्वतः भाड्याची घरे बांधावीत असाही कायदा झाला. एका हाताने मालकाला आवरले, दुसऱ्या हाताने घर बांधले. आपण पहिला हात तेवढा उचलला.

गरिबाला स्वस्तात घर मिळावे ही समाजाची जबाबदारी. तिचा खर्च समाजाने, म्हणजे सरकारने, करांतून सोसायचा. आपल्या सरकारने तो खर्च ज्याच्या नावावर वाडा आहे त्याच्या डोक्यावर टाकला, मग तो सावकार असो की विधवा. त्याला सांगितले, ‘‘समाजवाद तू कर.’’ सरकारच्या तिजोरीतून यासाठी एक पैसा गेला नाही. आणि ज्या भाडेकरूला संरक्षण दिले त्याची मिळकत कधी कोणी तपासली नाही. आमच्यासारख्या दोन पगारांच्या घरालाही तेच बारा रुपये आणि शेजारच्या खोलीत पापड लाटून पोरे वाढवणाऱ्या बाईलाही तेच.

डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे गोठलेले भाडे आता अवाजवी झाले असल्याचे स्पष्ट सांगितले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने मालकाला दर वर्षी चार टक्के वाढ दिली. बारा रुपयांवर चार टक्के म्हणजे ४८ पैसे. त्याच कायद्याने बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी व त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांचे संरक्षण काढून घेतले. हे चांगले केले. पागडीला मात्र कायदेशीर मान्यता दिली. म्हणजे जी देवघेव इतकी वर्षे टेबलाखालून चालली होती तिला टेबलावर आणून बसवले. राहत्या घरातली गोची होती तेथेच राहिली.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण या लेखाने खूश होणारे मालकही मला फार वेळ खूश ठेवायचे नाहीत. ते म्हणतात, कायदा मोडीत काढा, बाजार खुला करा, घरे आपोआप स्वस्त होतील. पुराव्यादाखल ते सांगतात की, देशातील शहरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ साली ५४ टक्के होते ते २०११ साली २८ टक्क्यांवर आले, आणि त्याच २०११ च्या जनगणनेत शहरांमध्ये १ कोटी १० लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली, त्यांपैकी सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात. आकडे खरे आहेत. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीतच ते दिलेले आहेत. भीतीही निराधार नाही. १९७३ साली एका दुरुस्तीने, १ फेब्रुवारी रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांना रातोरात भाडेकरू ठरवण्यात आले, तेव्हापासून कित्येक मालकांनी दाराला कुलूप लावणेच पसंत केले.

पण बाजार खुला नाही असे म्हणणे आज निव्वळ असत्य आहे. ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या कराराने जागा देणाऱ्याला भाडे किती घ्यावे याला काही बंधन नाही. मुदत संपल्यावर माणूस हटला नाही, तर १९९९ च्या कायद्याच्या २४ व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडून त्याला बाहेर काढता येते आणि राहिलेल्या दिवसांचे दुप्पट शुल्क वसूल करता येते. हा खुला बाजार पंचवीस वर्षांहून अधिक काळ पुण्यात चालू आहे. त्याने काय दिले? अकरा महिन्यांचे आयुष्य. दर अकरा महिन्यांनी दलाली, नवे डिपॉझिट, मुलाची शाळा दूर. केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापलीकडे नसावे असे म्हटले आहे. तो आदर्श किती मालकांनी आपणहून पाळला? आणि ‘‘मांस-मच्छी शिजवता का?’’ हा प्रश्न ऐकून जिना उतरलेली किती कुटुंबे आपल्या धर्मग्रामात आहेत ते वेगळे सांगायला नको. आडनाव ऐकल्यावर जागा अचानक ‘गेलेली’ असते. हाही बाजारच!

तेव्हा गोठवलेल्या भाड्याने घर मिळाले नाही आणि मोकळ्या भाड्यानेही मिळाले नाही. ज्यांनी मिळवून दाखवले त्यांनी तिसरी वाट धरली. व्हिएन्ना शहराने पहिल्या महायुद्धानंतर श्रीमंतांवर गृहकर बसवून त्या पैशांतून भाड्याची घरे बांधली. आजही त्या नगरपालिकेकडे सुमारे २ लाख २० हजार घरे आहेत, आणि सहकारी संस्थांची घरे जमेस धरता जवळपास निम्मे शहर अशा परवडणाऱ्या भाड्याने राहते. शिक्षक राहतो, ट्रामचालक राहतो. तेथे भाडेकरू म्हणवून घेण्यात कमीपणा नाही. उलट ब्रिटनने १९८० च्या कायद्याने नगरपालिकांची घरे त्यांतील रहिवाशांना सवलतीत विकायला काढली. विकत घेणाऱ्यांचे भले झाले. विकल्या गेलेल्या घरांच्या जागी तितकी नवी मात्र बांधली गेली नाहीत, आणि पुढची पिढी रांगेत उभी राहिली.

आपणही काही वेगळे केले नाही. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या मुंबई गृहनिर्माण मंडळाने कामगारांसाठी भाड्याची घरे बांधली होती हे आज कोणाला आठवते? पुढे तीही मालकीहक्काने दिली गेली. मंडळाची जागा घेणारे म्हाडा आज आपल्याला ठाऊक आहे ते सोडतीसाठी. घर म्हणजे लॉटरी! चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर इमले उठवणाऱ्या बिल्डरला वीस टक्के क्षेत्र अल्प उत्पन्न गटांसाठी राखावे लागते. नियम उत्तम. पण ती घरेही विकलीच जातात, आणि ज्याला कर्ज मिळू शकते त्यालाच मिळतात. धुणीभांडी करणाऱ्या बाईला, बाइंडिंगच्या कामगाराला, रुग्णालयातील आयाला कोणती बँक कर्ज देणार? ती घरे महापालिकेने स्वतःकडे ठेवून मिळकतीच्या प्रमाणात भाड्याने का देऊ नयेत, या प्रश्नाचे उत्तर मला आजवर एकाही नगरसेवकाकडून मिळालेले नाही.

पुन्हा बुधवार पेठेत येऊ. दर पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना महापालिका कायद्याच्या २६४ व्या कलमाखाली नोटिसा लागतात. भाडेकरू हलत नाहीत. बाहेरच्याला हा निव्वळ हट्ट वाटतो. पण वाडा पडला की हक्कही पडला, अशी भीती त्यांना पिढ्यान्‌पिढ्या घातली गेली आहे. वास्तविक इमारत पालिकेने पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली महाराष्ट्रातीलच एका खटल्यात सांगितले आहे. तो निकाल नोटीस चिकटवणाऱ्या शिपायाने सोबत चिकटवला, तर पावसाळ्यात माणसे भिंतीखाली सापडायची थोडी कमी होतील. शेवटी बिल्डर येतो, आणि ज्याच्याकडे जुनी पावती आहे त्याला नव्या इमारतीत खोली मिळते, किंवा पैसे.

आणि ज्याच्याकडे पावती नाही त्याला?

या पेठेत आज प्रत्यक्ष राहणाऱ्यांकडे पाहा. स्पर्धापरीक्षांची पुस्तके आप्पा बळवंत चौकात घेऊन तेथेच जवळपास एका खोलीत सहा खाटांपैकी एक खाट भाड्याने घेतलेला परभणीचा मुलगा. दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपणारा कामगार. आणि त्या गल्ल्यांतील स्त्रिया, ज्यांच्यामुळे आपल्यातील सभ्य माणसे ‘बुधवार पेठ’ हा पत्ता सांगताना ‘आप्पा बळवंत चौक’ म्हणतात. मीही शाळेत तसेच सांगत असे. त्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी खोलीचे किंवा निव्वळ खाटेचे भाडे रोजच्या रोज मोजतात. पावती नाही, करार नाही. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या १८ व्या कलमाखाली दंडाधिकारी ती जागा रिकामी करवू शकतो, आणि मग तिने कोठे जावे याची तजवीज सहसा कोणी करत नाही. २०२० च्या टाळेबंदीत राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना तीन महिने भाडे लांबणीवर टाकण्याची सूचना केली. ही सूचना त्या गल्लीत कोण कोणाला वाचून दाखवणार होते? राहत असल्याचा पुरावा नाही म्हणून शिधापत्रिका नाही, आधार नाही. अखेर मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की या स्त्रियांना पत्त्याच्या पुराव्याचा आग्रह न धरता आधार द्यावे. एका पावतीच्या अभावी बाईला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागते!

माझ्या वडिलांच्या पेटीतील पावत्यांनी आम्हांला बारा रुपयांत चौतीस वर्षे राखले, वर पंधरा हजार दिले. त्याच वाड्यामागच्या गल्लीतील बाईने तेवढ्याच वर्षांत कितीतरी पट भाडे मोजले असेल आणि तिच्या हाती काही उरले नाही. आपला कायदा राहणाऱ्याला राखत नाही, पावतीला राखतो, हे मला पुरते कळले ते या दोन घरांमधले अंतर पाहून. भाडे वाजवी असावे, म्हणजे मालकाला दुरुस्ती करून चार पैसे उरावेत. ज्याला ते परवडत नाही त्याचा फरक सरकारने भरावा, मालकाने नव्हे. आणि जो राहतो त्याची नोंद व्हावी, मग तो माडीवर राहो की खाटेवर. एवढेच माझे मागणे आहे. ते क्रांतिकारक वगैरे नाही.

ख्रिस्तसभेच्या न्याय व शांती आयोगाने डिसेंबर १९८७ मध्ये याच प्रश्नावर ‘तू तुझ्या बेघर बंधूचे काय केलेस?’ या अर्थाचे नाव देऊन एक पत्रक काढले होते. स्वतःचा दोष नसता ज्याला नीट निवारा नाही तो अन्यायाचा बळी होय, असे त्यात म्हटले आहे. अभागी नव्हे, अन्यायाचा बळी. आपल्या संस्थांच्या आवारांत मोकळ्या पडलेल्या जागांकडे पाहताना ते पत्रक कोणी तरी काढून वाचावे.

सरकार काय करील ते करो. एक गोष्ट मात्र आपल्या हातची आहे, आणि तिला कायदा बदलावा लागत नाही. घेतलेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती देणे हे १९९९ च्या कायद्याच्या २६ व्या कलमाने मालकावर बंधनकारक केले आहे, न देणे हा गुन्हा आहे. कराराची नोंदणीही ५५ व्या कलमाने सक्तीची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज लोक जुन्या नाण्यासारखा अजून चालवीत आहेत.

ज्यांच्या उद्गारापासून हा लेख सुरू झाला, त्या सद्गृहस्थांच्या एका फ्लॅटमध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातून आलेल्या चार मुली राहतात. चौघी रुग्णालयांत परिचारिका आहेत, रविवारच्या मिस्सेला आपल्याच चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतात. त्यांतील एकीला बँकेत खाते उघडायचे होते, पत्त्याचा पुरावा हवा होता. मी त्यांच्या वतीने सहज विचारले, तर गृहस्थ हसून म्हणाले, ‘‘पावती कशाला? आपलीच मुले आहेत ती.’’ पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे भाडेपावत्यांचे एक कोरे पुस्तक घेऊन जाणार आहे. आप्पा बळवंत चौकात ते कोणत्याही दुकानात मिळते.